थंडी बागेत, थकबाकी आमच्या वहीत

कापडवाल्याला थंडी आवडते. पारा उतरला की शाली, चादरी, रजईचे कापड उठते आणि गल्ल्यात चार पैसे पडतात. 2018 च्या डिसेंबरअखेर निफाडचा पारा 2 अंशांच्या आसपास उतरला, तेव्हा आम्ही मालेगावचे व्यापारी खूशच होतो. फेब्रुवारीत वसुलीला गेलो, तर निफाडकडचा जुना दुकानदार म्हणाला, "शेठ, लग्नसराईचा माल सध्या पाठवू नका. बागांतले मणी फुगलेच नाहीत." मागची बाकीही त्याने पुढच्या हंगामावर टाकली. नफा शालींत झाला होता, तोटा साड्यांत निघाला.

कडाक्याच्या थंडीत वेलीची मुळे अन्नपाणी कमी उचलतात. मण्यांची वाढ थांबते. पहाटे गारठा आणि दुपारी कडक ऊन असे झाले की मणी तडकतात, हिरवे मणी गुलाबी पडतात आणि निर्यातीचा माल बाजूला काढला जातो. पारा शून्याखाली गेला तर कोवळ्या पानातले पाणीच गोठते आणि पान काळे पडते. शेतकरी पहाटे शेकोट्या पेटवतात, पाणी सोडतात. पण सगळी बाग वाचत नाही.

कोणी विचारील, जग तापते आहे म्हणतात, मग पीक थंडीने कसे मरते? याचे उत्तर फ्रान्सने दिले. तिथे 2021 च्या मार्चअखेर 25 अंशांच्या वर ऊन पडले. त्या उबेने द्राक्षवेलींना लवकर कोंब फुटले. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात पारा शून्याखाली गेला आणि तेच कोंब करपले. रात्रभर बागांत आगी पेटल्या, तरी मोठे नुकसान झाले. शास्त्रज्ञांनी अभ्यास करून सांगितले की हवामानबदलामुळे अशा नुकसानीचा संभव वाढला आहे. थंडी नवी नव्हती. वेल वेळेआधी जागी झाली होती.

आपल्याकडे तऱ्हा वेगळी आहे. इथे ऑक्टोबरचा पाऊस लांबला की फळछाटणी पुढे जाते आणि मणी वाढायच्या वेळेला नेमका थंडीचा कडाका येतो. प्रत्येक थंडी हवामानबदलाने येते असे आम्ही म्हणत नाही. पण ऋतूंचा जुना हिशेब धरून दिलेली उधारी आता धोक्याची आहे, एवढे आम्ही अनुभवाने सांगतो.

फळबागांसाठी हवामानावर आधारित विमा आहे. आमच्या उधारीला तसा विमा नाही. म्हणून आमचे मत असे की व्यापाऱ्याने दिवाळीपूर्वीच गिऱ्हाइकाला विचारावे, छाटणी कधी झाली, पाऊस किती लांबला. सगळी उधारी एकाच पिकाच्या टापूत अडकवू नये. कांदा, मका, कापूस पिकवणारी गावेही धरावीत. मागवाल्या भावांनीही एकाच भागाच्या भरवशावर सगळे बीम चढवू नयेत.

आणि ज्याची बाग गेली, त्याच्या दुकानदाराला मोहलत द्यावी. दावा लावून पैसा निघत नाही, वर गिऱ्हाईक तुटते. आमच्या त्या दुकानदाराने पुढे दोन हप्त्यांत पै न् पै चुकती केली. आजही तो माल आमच्याकडूनच नेतो.