वांझ म्हणण्याआधी



हंगाम सुरू झाला की आपल्या तोंडी रिकव्हरी, टनेज आणि पहिला हप्ता, एवढेच विषय असतात. आज जरा घरातले बोलू.

ऊस नीट उगवला नाही तर आपण माती तपासतो, पाणी तपासतो, बेणेही तपासतो. सुनेला दोन वर्षांत मूल झाले नाही, तर मात्र काही न तपासता तिला वांझ ठरवून मोकळे होतो. हा कुठला न्याय?

जव्हार तालुक्यातले वावर-वांगणी आठवा. १९९२-९३ साली तिथल्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. चर्चा मुलांची झाली. पण दुबळे मूल बहुधा दुबळ्या आईच्या पोटी येते, हे आपण विसरलो. त्या डोंगरात ऊन आहे, कॅल्शियमने भरलेली नागली आहे. तरी दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याची कुटुंबे वीटभट्ट्यांची वाट धरतात आणि बाई सर्वांना वाढून उरले तर खाते. आपल्या फडावरच्या कोयत्यांचे तरी निराळे काय?

सध्या ड जीवनसत्त्वाचे नाव फार ऐकू येते. ते उन्हामुळे कातडीत तयार होते आणि अन्नातले कॅल्शियम अंगी लावते. सकाळच्या कोवळ्या उन्हात ते फारसे बनत नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते, तेव्हाचे ऊन त्याच्या कामाचे. हातपाय झाकलेले असतील तर दिवसभर उन्हात राहूनही ते कमी पडू शकते. घरात कोंडलेल्या सुनेचे तर विचारूच नका.

मूल न होणाऱ्या बऱ्याच बायकांत, विशेषतः पाळी अनियमित असणाऱ्यांत, हे जीवनसत्त्व कमी आढळते. पण गोळी घेतली की कूस उजवते, असे अजून सिद्ध झालेले नाही. कमतरता असेल तर ती हाडांसाठी भरून काढावीच, मात्र डॉक्टरला विचारून. जास्त झाले तर अपायच होतो. मूल न होण्याची कारणे इतरही असतात : थायरॉइड, गर्भनलिकेचा क्षय, आणि हो, नवऱ्यातला दोष. तो निम्म्याच्या आसपास जोडप्यांत असतो. बेणेही तपासायचे असते ते यासाठी!

आमचे म्हणणे एवढेच. कारखान्याने हंगामात एक आरोग्य शिबिर घ्यावे, आणि त्यात नवरा-बायको दोघांची तपासणी व्हावी. सभासदांच्या घरच्यांसोबत तोडणीच्या बायकांनाही बोलवावे. बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, तो आपल्याच धंद्यातला होता. ती लाज पुन्हा नको.

तोवर निदान एवढे तरी करू. सुनेला आपल्या पंगतीला बसवू. आणि वांझ हा शब्द आपल्या उंबऱ्याच्या आत येऊ देणार नाही, असे ठरवू.