कुंपण नसलेल्या बागेचा माळी

१९ सप्टेंबर १९९३ ची रात्र. इंग्लंडमध्ये ‘चॅनल फोर’ या दूरचित्रवाहिनीवर एक चित्रपट सुरू झाला आणि पडदा निळा झाला. एक मिनिट गेलं, दोन गेली, दहा गेली; पण पडद्यावर ना माणूस उमटला, ना घर, ना झाड. नुसता गडद, झळझळीत निळा रंग आणि मागून माणसांचे आवाज, संगीत, घंटांचे नाद. ज्याला काही कल्पना नसेल त्यानं उठून टीव्हीच्या डोक्यावर एक थाप मारली असती!

टीव्ही ठणठणीत होता. बिघडले होते ते चित्रपट करणाऱ्याचे डोळे. ‘ब्लू’ नावाचा तो चित्रपट ७९ मिनिटांचा, आणि त्या ७९ मिनिटांत निळ्याशिवाय दुसरं काही नाही. बीबीसीच्या ‘रेडिओ ३’ वरही तो त्याच वेळी ऐकवला गेला. रेडिओच्या श्रोत्यांना ऐकताना समोर ठेवण्यासाठी निळं पोस्टकार्ड मागवण्याची सोय होती. ज्यानं हा उद्योग केला, त्याचं नाव डेरेक जार्मन. एड्समुळे त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. डोळे मिटत चाललेल्या माणसानं चित्रपट कसा करायचा, या प्रश्नाला त्यानं दिलेलं ते उत्तर होतं. त्यानंतर पाच महिन्यांनी तो गेला.

डेरेकचा जन्म ३१ जानेवारी १९४२ चा, लंडनजवळच्या नॉर्थवूडचा. वडील हवाई दलात अधिकारी, मूळचे न्यूझीलंडचे. शिस्तीचे आणि कडक. पोराला मात्र चौथ्या वर्षीच फुलझाडं कशी लावायची, याचं एक पुस्तक आईवडिलांकडून मिळालं आणि बागेचं वेड तिथून लागलं ते कायमचं. पुढे त्याला चित्रकार व्हायचं होतं. वडिलांनी अट घातली, आधी पदवी घे, मग खुशाल चित्रं काढ! आपल्याकडच्या कितीतरी घरांत झालेला हा तह. डेरेकनं तो पाळला. लंडनच्या किंग्ज कॉलेजात इंग्रजी, इतिहास आणि कलेचा इतिहास शिकून तो १९६३ मध्ये ‘स्लेड’ या नामवंत कलाशाळेत दाखल झाला.

त्याच्या मनात आणखी एक गोष्ट होती आणि ती घरी बोलता येण्यासारखी नव्हती. त्याला ओढ होती ती पुरुषांची. त्या काळच्या इंग्लंडात दोन पुरुषांचे संबंध हा तुरुंगात टाकणारा गुन्हा होता. हा कायदा इंग्लंड आणि वेल्सपुरता बदलला १९६७ मध्ये, तोही एकवीस वर्षांवरच्या पुरुषांसाठी आणि चार भिंतींआड. म्हणजे वयाच्या पंचविशीपर्यंत डेरेक कायद्याच्या लेखी गुन्हेगारच. याच इंग्रजांनी १८६० मध्ये आपल्या दंडसंहितेत घातलेलं ३७७ वं कलम मात्र इथे टिकून राहिलं. सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांना आपल्या सर्वोच्च न्यायालयानं त्यातून मोकळं केलं ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी. ज्यांनी कुलूप आणलं त्यांनी आपल्या घरचं काढल्यावर ५१ वर्षांनी!

सुरुवात तर झकास झाली होती. १९६८ मध्ये, अवघ्या सव्विसाव्या वर्षी, रॉयल बॅलेसाठी त्यानं नेपथ्य केलं. केन रसेलच्या ‘द डेव्हिल्स’ (१९७१) या चित्रपटासाठी त्यानं एक अख्खं पांढरंशुभ्र नगर उभं केलं. अशी कामं घेत राहिला असता तर बंगला, गाडी सगळं झालं असतं. पण त्याच सुमारास त्याच्या हाती सुपर-एट कॅमेरा आला. हा कॅमेरा म्हणजे मुलांचे वाढदिवस आणि सहली टिपायचं घरगुती खेळणं. फिल्मची एक डबी तीन-साडेतीन मिनिटांत संपायची. डेरेकनं शक्कल काढली. चित्रण कमी वेगानं करायचं, म्हणजे डबी जास्त पुरते. आणि दाखवताना त्याहून सावकाश दाखवायचं. त्यामुळे माणसं पाण्याखालून चालल्यासारखी, स्वप्नातल्यासारखी दिसायची. खर्च वाचवण्याची युक्ती हीच त्याची शैली होऊन बसली.

थेम्स नदीकाठच्या ओसाड गोदामांत तो राहायचा. गोदामात थंडी मी म्हणायची, म्हणून झाडं ठेवायचं काचघर आणून त्यानं गोदामाच्या आत उभं केलं आणि त्यात झोपायची सोय केली! तिथेच मित्रमंडळी जमवून हे चित्रपट बनायचे आणि तिथेच भिंतीवर दाखवले जायचे. ना निर्माता, ना सेन्सॉर, ना तिकीटबारी. समीक्षक ज्याला ‘भूमिगत सिनेमा’ म्हणतात, तो असा.

मग १९७६ मध्ये आला त्याचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट, पॉल हम्फ्रेस या सहदिग्दर्शकाबरोबर केलेला ‘सेबास्टियान’. रोमन काळातल्या एका ख्रिस्ती हुतात्म्याची कथा, सगळे संवाद लॅटिनमध्ये आणि खाली इंग्रजी मजकूर! पुरुषाचं पुरुषावरचं प्रेम त्यात इतक्या उघडपणे होतं की गहजब झाला. दोन वर्षांनी ‘ज्युबिली’ आला. त्यात पहिली एलिझाबेथ राणी आपल्या ज्योतिष्याच्या मदतीनं भविष्यात येते आणि मोडकळलेलं, पेटलेलं इंग्लंड पाहते. सनातनी चिडले ते चिडलेच. पण ज्या बंडखोर ‘पंक’ पोरांवर तो होता, त्यांनाही तो रुचला नाही. त्यांचे कपडे घडवणाऱ्या व्हिव्हियन वेस्टवूड बाईंनी तर चित्रपटावरची टीका सबंध एका टी-शर्टवर छापून टाकली.

शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’ नंतर मात्र गाडी अडली. इटालियन चित्रकार कारावाज्जोवर चित्रपट करायचा होता आणि पैसा उभा राहीना. सात वर्षं गेली. पटकथा पुन्हा पुन्हा लिहिली गेली. हात बांधलेल्या या काळात डेरेक लेखक झाला. १९८४ मध्ये ‘डान्सिंग लेज’ हे आत्मकथन आलं. त्यात बालपण, गोदामं, मित्र, प्रेम सगळं नावागावासकट होतं. पुढे १९८५ च्या अखेरीस टीव्हीवर त्याचे जुने चित्रपट दाखवले गेले, तेव्हा विन्स्टन चर्चिल यांच्या नातवानं, ते खासदार होते, अश्लीलतेचा कायदा टीव्हीलाही लावावा म्हणून संसदेत विधेयक आणलं. ते संमत झालं नाही. डेरेकचं नाव मात्र घरोघरी पोचलं.

‘कारावाज्जो’ अखेर १९८६ मध्ये पुरा झाला. पाच लाख पौंडांहूनही कमी पैशात, लंडनच्याच एका गोदामात सोळाव्या-सतराव्या शतकातली इटली उभी राहिली. बर्लिनच्या महोत्सवात त्याला ‘रौप्य अस्वल’ मिळालं. या चित्रपटातून पडद्यावर आलेली एक नवखी मुलगी म्हणजे पुढे ऑस्कर मिळवणारी टिल्डा स्विंटन. वेशभूषा करणाऱ्या सँडी पॉवेलचाही हा पहिलाच चित्रपट. तिला तर पुढे तीन ऑस्कर मिळाली.

दिवस पालटले असं वाटत असतानाच, २२ डिसेंबर १९८६ रोजी, रक्ततपासणीचा निकाल हाती आला. एचआयव्ही.

त्या काळात या तीन अक्षरांचा अर्थ काय होता, हे आज सांगितल्याशिवाय कळणार नाही. आयुष्य वाढवणारी औषधांची संयुक्त उपचारपद्धती यायला अजून दहा वर्षं होती. माणसं पटापट मरत होती आणि मरताना आजाराचं नाव लपवत होती. कुणाचा ‘न्यूमोनिया’ व्हायचा, कुणाचा ‘कॅन्सर’. शेजारी, नोकरी, वर्तमानपत्रं या सगळ्यांचं भय. चार लोक काय म्हणतील, हा प्रश्न काही फक्त आपल्याकडेच पडतो असं नाही. डेरेकनं दुसरी वाट धरली. त्यानं आजार लपवला नाही. मुलाखतींतून, लेखांतून स्वच्छ सांगितलं. प्रसिद्ध माणसांपैकी असं सांगणारे तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

आणि त्यानं एक घर घेतलं. इंग्लंडच्या आग्नेय टोकाला डंजनेस नावाचा किनारा आहे. तिथे वाळू नाही, माती नाही. मैलोन् मैल नुसते गोटे. खारा वारा अंगावर येतो आणि पाठीमागे अणुवीज केंद्र उभं. तिथली एक काळी डांबर फासलेली, पिवळ्या खिडक्यांची लाकडी कोळीवाड्यातली झोपडी त्यानं १९८७ मध्ये ३२,००० पौंडांना विकत घेतली. पैसा वडिलांच्या मागे मिळालेला. ‘प्रॉस्पेक्ट कॉटेज’ तिचं नाव.

त्या दगडगोट्यांत त्यानं बाग करायला घेतली. खड्डे खणून खत भरलं आणि समुद्री कोबी, लव्हेंडर, खसखशीची लाल फुलं, झेंडूसारखी कॅलेंडुला असं त्या वाऱ्यात तग धरेल ते लावलं. किनाऱ्यावर वाहून आलेली लाकडं, गंजलेल्या साखळ्या, भोकाचे दगड आणून त्यांच्या आकृत्या मांडल्या. बागेला कुंपण घातलं नाही. दार उघडलं की बाग, बाग संपली की किनारा आणि पुढे क्षितिज. उद्याचा भरवसा नसलेला माणूस पुढच्या वसंतात फुलणारी रोपं लावत होता. १९८९-९० ची त्याची रोजनिशी ‘मॉडर्न नेचर’ या नावानं १९९१ मध्ये निघाली. एका पानावर कुठलं रोप रुजलं, दुसऱ्यावर कुठला मित्र गेला. ज्यांनी त्याचा एकही चित्रपट पाहिला नाही, असे कितीतरी लोक या पुस्तकामुळे त्याच्यावर जीव लावून बसले.

काम तर असं सुटलं की धडधाकट माणसानं तोंडात बोट घालावं. ‘द लास्ट ऑफ इंग्लंड’ (१९८७), लॉरेन्स ऑलिव्हिए यांचं पडद्यावरचं अखेरचं दर्शन घडवणारा ‘वॉर रिक्विएम’ (१९८९), ‘द गार्डन’ (१९९०), मार्लोच्या नाटकावरचा ‘एडवर्ड सेकंड’ (१९९१), ‘विट्गेनस्टाइन’ (१९९३), ‘ब्लू’ (१९९३). मधून मधून इस्पितळ, क्षयरोग, डोळे जाणं.

तो साधुसंत नव्हता. त्याचे काही चित्रपट दुर्बोध आहेत, काही मोठ्यांनीच पाहावेत असे आहेत. जिभेला धार होती. १९९१ मध्ये नट इयन मॅकेलन यांनी ‘सर’ हा किताब घेतला, तेव्हा समलिंगी माणसांविरुद्ध कायदे करणाऱ्या सरकारकडून हा मान घ्यायचाच कशाला, असा जाहीर सवाल त्यानं केला. त्यावर अठरा समलिंगी कलावंतांनी मॅकेलन यांच्या बाजूनं जाहीर पत्र काढलं. डेरेकचा राग ज्या कायद्यावर होता तो १९८८ चा. समलैंगिकतेचा ‘प्रसार’ करायला स्थानिक संस्थांना मनाई करणारा. शाळेतल्या शिक्षकालाही या विषयावर तोंड उघडायची धास्ती वाटावी असा. तो इंग्लंडमधून हटला २००३ मध्ये. ‘क्विअर’ म्हणजे विचित्र, ही एकेकाळची शिवी. डेरेक तोच शब्द स्वतःला मुद्दाम लावून घ्यायचा. शिवी आपणच उचलून कपाळी लावली की देणाऱ्याच्या हातात काय उरतं?

१९ फेब्रुवारी १९९४ रोजी लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू इस्पितळात डेरेक गेला. वय ५२. दोनच दिवसांनी, २१ फेब्रुवारीला, ब्रिटिश संसदेत मतदान झालं. समलिंगी पुरुषांसाठी संमतीचं वय २१ वरून इतरांसारखंच १६ करावं, ही मागणी फेटाळली गेली. ते १८ वर आणलं गेलं. समान वय यायला २००१ साल उजाडलं. ज्या भांडणासाठी तो उभा जन्म भांडला, त्याचा अर्धामुर्धा निकाल ऐकायलाही तो उरला नव्हता.

बाग मात्र राहिली. अखेरच्या आजारपणात ज्यानं त्याची सेवा केली, त्या सोबती कीथ कॉलिन्सनं ती २०१८ मध्ये स्वतः जाईपर्यंत जिवापाड सांभाळली. मग झोपडी विकली जाणार, अशी वेळ आली. २०२० च्या जानेवारीत ‘आर्ट फंड’ या संस्थेनं हाक दिली. सँडी पॉवेलनं पांढऱ्या कापडाचा कोट घालून त्या वर्षीच्या पुरस्कार सोहळ्यांत नटनट्यांच्या सह्या अंगावरच घेतल्या आणि तो कोट लिलावात काढला. आठ हजारांहून अधिक माणसांनी आपापल्या ऐपतीनं पैसे पाठवले आणि दहा आठवड्यांत ३५ लाख पौंड जमले. ३२ हजारांची झोपडी वाचवायला ३५ लाख! तेही मार्च २०२० मध्ये, कोरोनाच्या भीतीनं जग दारं लावून बसलं असताना.

त्या आठ हजारांतल्या बहुतेकांची डेरेकशी भेटही झाली नसेल. पण जिथे काही उगवणार नाही असं सगळ्यांना वाटत होतं, तिथे एका आजारी माणसानं खड्डे खणले होते. आणि ते करताना आपल्या आजाराचं, आपल्या प्रेमाचं नाव त्यानं कधी दाराआड ठेवलं नव्हतं. बागेला तर त्यानं दारच ठेवलं नाही.