कर्ज कुणाच्या डोक्यावर?

ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा आणि तिच्या शेजारचा परिसर, इथल्या हजाराहून अधिक घरांत १९६८ ते १९७९ या काळात एका कंत्राटदाराने छतावरच्या पोकळीत सुटा अॅस्बेस्टॉस पंपाने फुंकून भरला. उन्हाळा-हिवाळ्यापासून संरक्षण म्हणून. पुढे ही घरे ‘मिस्टर फ्लफी’ची घरे म्हणून ओळखली जाऊ लागली. पिंजलेल्या कापसासारखे हे तंतू फटींतून भिंतींच्या पोकळीत, कपाटांत, फरशीखाली झिरपत राहिले. श्वासावाटे आत गेलेला तंतू मेसोथेलिओमासारखा कर्करोग तीस-चाळीस वर्षांनीही उभा करू शकतो. अखेर २०१४ मध्ये कॅनबेराच्या प्रादेशिक सरकारने आपल्या हद्दीतली ही घरे विकत घेऊन पाडायचे ठरवले. केंद्र सरकारने त्यासाठी एक अब्ज डॉलर दिले, पण अनुदान म्हणून नव्हे, सवलतीच्या कर्जाच्या रूपात. पैसा झटपट उभा करायला कर्ज हा मार्ग चांगलाच आहे. ते फेडायचे कुणी, हा खरा प्रश्न आहे, आणि कॅनबेरात त्याचे अर्धेच उत्तर बरोबर दिले गेले.

बरोबर अर्धे असे की कर्ज घरमालकाच्या नावावर चढले नाही. त्याला अॅस्बेस्टॉस नसता तर जी किंमत आली असती ती देऊ केली गेली. घरमालकाला कर्ज देऊन ‘तुझे घर तू साफ कर’ म्हणणे वरवर न्याय्य वाटते. पण सौरपॅनेलचे कर्ज विजेच्या बिलात होणाऱ्या बचतीतून फिटते. अॅस्बेस्टॉस काढून एक पैसाही कमाई होत नाही. मग ऐपत नसलेला माणूस काम पुढे ढकलतो, नाहीतर स्वतःच करवत घेऊन छत फोडतो आणि शेजाऱ्यांनाही धोक्यात घालतो. सरकारच्या हाती निदान मोकळे भूखंड येतात, ते विकून कर्जाचा मोठा भाग फिटतो. सगळे मात्र फिटत नाही.

घर घेताना नीट बघायचे होते, असे म्हणणारे भेटतात. पण १९८८ ते १९९३ दरम्यान सरकारनेच ही घरे एकदा साफ केली होती आणि काम पूर्ण झाल्याची प्रमाणपत्रेही दिली होती. खरेदीदाराने त्या कागदावर विश्वास ठेवला, यात त्याची चूक कोणती? पाडण्याची काय गरज, पुन्हा साफ करा, या आक्षेपालाही हाच अनुभव उत्तर देतो. छतावरचा थर काढला, तरी भिंतींच्या आतले तंतू तिथेच राहिले होते. म्हणून या वेळी आधी उरलेला अॅस्बेस्टॉस शोषून काढला, पोकळ्यांत गोंद फवारून तंतू जागीच चिकटवले, घर पाडले आणि खालची मातीसुद्धा खरवडून नेली.

चुकलेले अर्धे केंद्राच्या बाजूचे आहे. या धंद्याच्या धोक्याचा इशारा १९६८ मध्ये केंद्राच्याच आरोग्य खात्यातील तज्ज्ञाने दिला होता. कॅनबेराला स्वतःचे सरकार मिळाले १९८९ मध्ये. तोवर कारभार केंद्राकडेच होता. तरीही तोटा पडला तो तेव्हा चार लाखांहून कमी वस्ती असलेल्या प्रदेशावर. दूरच्या पर्थमधल्या करदात्याने राजधानीतल्या घरांचा भार का उचलावा, हा प्रश्न रास्त आहे. पण ज्या सरकारने इशारा मिळूनही पंप थांबवला नाही, ते त्या करदात्याचेही सरकार होते. किमान भूखंड विकून न भरणारी तूट तरी केंद्राने माफ करायला हवी होती.

आपल्याकडे चाळींवर, वस्त्यांवर, गोठ्यांवर अॅस्बेस्टॉसचे सिमेंटी पत्रे आजही आहेत. त्यांतले तंतू सिमेंटमध्ये बांधलेले असतात, म्हणून धोका वेगळा. पण पत्रा फुटला, कापला, त्याला भोक पाडले की ते सुटतात. कॅनडासारख्या जुन्या निर्यातदारानेही अॅस्बेस्टॉस सोडला, भारत मात्र तो अजून आयात करतो. उद्या हे पत्रे बदलायची योजना आली, तर बँकेचे कर्ज हीच पहिली सूचना असेल. रोजंदारीवरचे कुटुंब असे कर्ज घेणार नाही, आणि त्याने ते घ्यावे अशी अपेक्षाही चुकीची आहे. आयातीला परवानगी देणाऱ्या सरकारने आणि पत्रे विकून नफा कमावणाऱ्या कारखान्यांनी तो खर्च उचलावा. कर्ज काढायचेच असेल तर त्यांनी काढावे.