"तमाशात आता काय राम राहिला नाही" म्हणणाऱ्या आम्हा शौकिनांसाठी

गावची जत्रा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या गाड्यावर आम्ही सात-आठ जण, सगळे पन्नाशीच्या पुढचे. विषय एकच, रात्रीचा तमाशा. "तमाशा कसला, ऑर्केस्ट्रा होता." "ढोलकी ऐकू आली का कुणाला? नुसता कीबोर्ड." "काळू-बाळू गेले आणि तमाशा संपला." दुपारपर्यंत हेच सगळं मोबाईलवर लिहून पण झालं. लिहिणाऱ्यांत मीही होतो.

संध्याकाळी शेजारच्या पोरानं सहज विचारलं, "काका, वग कसा होता?"

एकालाही सांगता येईना. कारण वग सुरू व्हायच्या आधीच आम्ही उठून घरी आलो होतो.

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय, म्हणून लिहितोय. जरा मोठं आहे, पण वाचा.

आधी आमची बाजू. कवलापूरच्या काळू-बाळूंचा, म्हणजे लहू आणि अंकुश खाडे या जुळ्या भावांचा 'जहरी प्याला' ज्यानं बघितलाय, त्याला त्यातले ते दोन हवालदार विसरता येत नाहीत. कोण काळू आणि कोण बाळू हे ओळखण्यातच निम्मी मजा. मी बापाच्या खांद्यावर बसून बघितलाय. असं बघून मोठं झालेल्या माणसाला गण-गवळण पंधरा मिनिटांत उरकलेली आणि पुढं ओळीनं सिनेमाची गाणी आलेली बघून राग येणारच. हा राग खोटा नाही. ज्याला तमाशाशी काही देणंघेणं नाही तो चिडत नाही, तो फक्त चॅनेल बदलतो.

आणि हे फक्त आपल्याकडंच आहे असंही नाही. माझा पुतण्या पुण्याला आयटीत आहे, मेटॅलिका नावाच्या अमेरिकन रॉक बँडचा वेडा. त्याचंही तेच रडगाणं. १९८३ ते १९८८ मधले पहिले चार अल्बम म्हणजे खरं सोनं, पुढं सगळं उतरलं. २००३ च्या 'सेंट अँगर'चं नाव काढलं की त्यातल्या ड्रमच्या आवाजाला आजही शिव्या घालतो. १९६५ साली बॉब डिलननं न्यूपोर्टला इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली, तर त्याच्याच चाहत्यांतल्या काहींनी हुर्यो उडवली होती. म्हणजे रोग सगळीकडं सारखाच. सतरा-अठराव्या वर्षी जे ऐकलं ते काळजात बसतं, आणि पुढचं सगळं आपण त्याच मापानं मोजतो. कलाकार म्हातारा झालेला आपल्याला दिसतो, आपण झालेलो दिसत नाही.

पण ज्याला आपण 'अस्सल जुना तमाशा' म्हणतो, तो तरी कधीचा? आज ज्या वगासाठी आम्ही गळा काढतो, तो वगच एकेकाळी नवा माल होता. पहिला वग मानतात तो 'मोहना बटाव', साल १८६५, आणि तो करणारे उमा-बाबू आपल्याच तासगाव तालुक्यातल्या सावळजचे. रेठरे हरणाक्षच्या कुलकर्ण्यांचा श्रीधर सोवळं सोडून फडात गेला आणि पठ्ठे बापूराव झाला, तेव्हा त्याच्या नावानं बोटं मोडणारे कमी नव्हते. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी तर गणातला गणपतीच बाजूला ठेवला आणि मायभूमीला, शिवरायांना मुजरा घातला. आज या सगळ्यांचे आपण पुतळे उभारतो, जयंत्या करतो. त्या काळात मोबाईल असता तर आपल्यासारख्यांनी काय काय लिहिलं असतं, विचार करा.

याचा अर्थ आज स्टेजवर जे चाललंय ते सगळं चांगलंच आहे, असं मी म्हणत नाही. वाईट ते वाईटच. सोंगाड्याला धड दहा मिनिटं मिळत नाहीत, बतावणी मोबाईलवरच्या शिळ्या विनोदांवर भागवली जाते. हे बोललंच पाहिजे. पण कुणाला बोलायचं, ते बघा.

पूर्वी तमाशा रात्रभर चालायचा, वग संपायला तांबडं फुटायचं. आता ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद. सरकारनं ठरवून दिलेल्या वर्षातल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सवलत, तीही पंधरा दिवसांच्या आतच. नियम चुकीचा आहे असं नाही, म्हातारी माणसं, आजारी माणसं झोपायला नकोत का? पण आपली जत्रा कमिटी पाहुण्यांचे सत्कार आणि भाषणं संपवून साडेनऊला स्टेज मोकळं करते. मग फडानं काय करावं? पुढं बसलेली पोरं गाण्याच्या फर्माईशी करतात, शिट्ट्या मारतात. म्हातारे मागून उठून जातात. जो थांबतो त्याच्यासाठीच खेळ होणार, यात फडमालकाचं काय चुकलं?

मेटॅलिकाचा एखादा अल्बम पडला तरी त्यांच्या घरची चूल विझत नाही. फडाचं तसं नाही. कलाकारांना हंगामाआधी उचल द्यायची, ट्रक, जनरेटर, मांडव, पन्नास-साठ माणसांचं रोजचं जेवण, हे सगळं जत्रेच्या सुपारीवर. २०२० आणि २०२१ ला जत्राच झाल्या नाहीत, तेव्हा फडातल्या माणसांवर काय वेळ आली ते आपण बघितलंय. अशा फडाची सुपारी "आता काय राम राहिला नाही" म्हणत आपणच घासाघीस करून कमी करतो, आणि मग ढोलकीवाला का नाही म्हणून विचारतो.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पुढच्या वर्षी सुपारी द्यायला कमिटी जाईल तेव्हा आपल्यातला एक जाणता शौकीन सोबत पाठवायचा. वग कोणता आणि किती वेळ, हे तिथंच बोलून घ्यायचं. त्याचे चार पैसे जास्त द्यायचे. सत्कार सकाळी उरकायचे आणि सातला ढोलकीवर थाप पडली पाहिजे. आणि आपण, जुन्या शौकिनांनी, पुढच्या रांगेत बसून वग शेवटपर्यंत बघायचा. आवडला तर बक्षीस द्यायचं. नाही आवडला तर मागं तंबूत जाऊन सोंगाड्याला तोंडावर सांगायचं. त्याला ते मोबाईलवर वाचण्यापेक्षा नक्की आवडेल.

एवढं करूनही तमाशा बेकार निघाला, तर खुशाल शिव्या घाला. मी पण घालीन. पण आधी बसू तर या.