उतरलात खरे, उठणार कसे?

‘एवढे मोठे टायर असताना बर्फासाठी वेगळ्या स्की लावायच्याच कशाला?’ वैमानिकांच्या बैठकीत हा प्रश्न आता वारंवार निघतो. कारण उघड आहे. अलास्कातली ती छोटी विमाने आपण सगळ्यांनीच पडद्यावर पाहिली आहेत. सुपर कबला 31 किंवा 35 इंची टुंड्रा टायर, त्यांत हवा एवढी कमी की अंगठ्याने दाबले तरी रबर आत जाते. नदीपात्रातल्या गोट्यांवर उतरून ती चार ढांगांत थांबतात. गोट्यांवर जमते ते मऊ बर्फावर का जमू नये, असे वाटणे स्वाभाविक आहे.

उत्तर देण्याआधी थोडा हिशेब करू. सुपर कबचे कमाल वजन 1,750 पौंड, म्हणजे साधारण 800 किलो. टायरमध्ये 6 पीएसआय हवा धरा. नरम टायर जमिनीवर जो दाब टाकतो तो ढोबळमानाने आतल्या हवेच्या दाबाइतकाच असतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 400 ग्रॅम. आता तेच विमान 180 सेंटिमीटर लांब आणि 30 सेंटिमीटर रुंद अशा दोन स्कींवर ठेवा. दाब 75 ग्रॅमवर येतो. या दोन आकड्यांच्या मधे तुमचा बूट बसतो. सत्तर किलोचा माणूस चालताना एका पायावर भार देतो तेव्हा बुटाखाली 300 ग्रॅमच्या आसपास दाब पडतो. शेपटीवरचा भार आणि हवेने उचललेले वजन यांत धरलेले नाही, पण अंदाज यायला एवढे पुरे. ज्या बर्फात तुमचा पाय गुडघाभर जातो, तिथे टायर तुमच्यापेक्षा सुखात असण्याचे कारण नाही. स्की मात्र बहुधा वरच राहील.

पावसाळ्यात काळ्या मातीत रुतलेला ट्रॅक्टर ज्याने पाहिला आहे, त्याला पुढचे सांगायला नको. रुतलेले चाक आपल्यापुढे ढीग लोटत जाते. टेलड्रॅगरमध्ये गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे आणि बराच वर असतो. चाके खालून धरली गेली की शेपटी उचलली जाते आणि पंखा बर्फात जातो. एवढे झाले नाही, तर विमान फारच थोड्या अंतरात थांबते आणि वैमानिक खूश होतो. खरी फसगत इथेच आहे. विमानाला ब्रेकने थांबवलेले नाही, बर्फाने थांबवले आहे, आणि उड्डाणाच्या वेळीही तोच बर्फ चाके धरून ठेवणार आहे. कोरड्या पट्टीवर उतरायला लागलेल्या अंतरावरून उड्डाणाच्या अंतराचा थोडाफार अंदाज तरी बांधता येतो. मऊ बर्फात हे गणित उलटे होते: जितक्या लवकर थांबलात, तितके उठणे अवघड.

मग मोठे टायर निरुपयोगी आहेत का? मुळीच नाहीत. गोठलेल्या वाळूवर दोन बोटे बर्फ असेल, वाऱ्याने दाबून घट्ट झालेला थर असेल, किंवा वसंतातल्या पहाटे वरचा पापुद्रा कडक झाला असेल, तर टायर उत्तम चालतात. शिवाय ब्रेक मिळतात आणि परतताना डांबरी धावपट्टीची चिंता नसते. पण तो पापुद्रा सूर्याच्या मर्जीवर टिकतो. सकाळी सातला जो रस्ता असतो, त्याचा दुपारी चिखल होतो. ओला बर्फ ब्रेकच्या चकतीत शिरून उड्डाणानंतर गोठला, तर पुढच्या ठिकाणी चाक जागच्या जागी आवळलेले सापडते.

स्कीचेही काही लाड करायला नकोत. तिला ब्रेक नाहीत. घर्षणाने गरम झालेला तिचा तळ थांबल्यावर बर्फाला चिकटतो. 31 ऑक्टोबर 1956 रोजी अमेरिकी नौदलाचे ‘के सेरा सेरा’ हे डकोटा दक्षिण ध्रुवावर उतरले. कॉनरॅड शिन चालवत होते. उणे 50 अंश तापमानात विमान 49 मिनिटे उभे होते. निघायची वेळ आली तेव्हा स्की गोठून बसल्या होत्या. इंजिने पूर्ण ताकदीने चालवूनही विमान हलेना. मदतीला लावलेली पंधराच्या पंधरा रॉकेटे पेटवली, तेव्हा कुठे ते उठले. म्हणूनच अलास्कातला वैमानिक थांबण्याआधी वळून घेतो, आपल्याच दाबलेल्या वाटेवर परत येतो आणि स्कीखाली दोन ओंडके सरकवल्याशिवाय इंजिनावर पांघरूण घालत नाही.

अभियंत्यांसाठी एक स्वतंत्र वाक्य. स्कीचे नाक वर धरून ठेवणारा रबरी ताण आणि तिची हालचाल रोखणाऱ्या तारा यांची तपासणी उरकून टाकू नका. हवेत स्कीचे नाक खाली वळले, तर वैमानिकाच्या हातात फारसे काही उरत नाही.

दोन्हींचा मेळ घालणारी चाक-स्की हा तडजोडीचा मार्ग. टॉकीटनाहून डेनालीच्या गिर्यारोहकांना नेणारी विमाने डांबरी पट्टीवरून चाकांवर उडतात आणि कहिल्टना हिमनदीवर 7,200 फुटांवर स्की खाली करून उतरतात. या सोयीची किंमत वजनात मोजावी लागते आणि तेवढे सामान खाली राहते.

हा सगळा विषय आपल्यापासून दूरचा वाटत असेल, तर वास्कोकडे पाहा. तिथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राची माणसे केपटाउनहून अंटार्क्टिकाला निघतात, तेव्हा अजस्र आयएल-76 त्यांना नोव्होच्या धावपट्टीवर चाकांवरच उतरवते. तिथली निळी बर्फभूमी दगडासारखी टणक आहे. तिथून पुढे भुसभुशीत बर्फावर जायचे, तर स्की लावलेले बास्लर विमान लागते. मराठीत हिम आणि बर्फ हे दोन शब्द आहेत, पण बोलताना आपण दोन्हींना बर्फच म्हणतो. विमानाला असा ढिलेपणा परवडत नाही.

आणि योग्य साधन असले म्हणजे सुटलो, असेही नाही. बॉब रीव्ह हा हिमनद्यांवर उतरण्यात मुरलेला माणूस. उन्हाळ्यात खाली बर्फ नसताना तो अलास्कातल्या वाल्डीझच्या खाडीतल्या चिखलावरून स्कीवर उडत असे. जून 1937 मध्ये ब्रॅडफर्ड वॉशबर्न आणि रॉबर्ट बेट्स या गिर्यारोहकांना त्याने युकॉनमधल्या वॉल्श हिमनदीवर नेले. अवेळी उकाडा झाला होता आणि बर्फाचा लगदा झाला होता. विमान त्यात रुतले. ते बाहेर काढायला काही दिवस गेले. नको ते सगळे सामान उतरवून रीव्ह एकटा कसाबसा उडाला. तो परत आला नाही. येणे शक्यही नव्हते. त्या दोघांनी ल्युकेनिया शिखर सर केले आणि पुढची वाट पायी तुडवून ते वस्तीला लागले. विमान योग्य होते, स्की होत्या, हातही कसलेला होता. फक्त त्या दिवशीचा बर्फ वेगळा होता.

म्हणून आमच्या प्रशिक्षक वाचकांना विनंती आहे की ‘टायर की स्की’ हा वाद वर्गात रंगवू नका. विद्यार्थ्याला आधी उड्डाणाचे गणित मांडायला लावा आणि ते सुटले तरच उतरण्याकडे वळू द्या. पावसात भिजलेल्या गवती पट्टीवरही हाच क्रम लागू पडतो. बर्फावर त्यासाठी एक जुनी रीत आहे. वेग न सोडता स्की नुसत्या टेकवून लांबवर दोन रेघा ओढायच्या, पुन्हा वर जायचे आणि एक फेरी घालून त्या रेघांकडे पाहायचे. पांढऱ्या राहिल्या तर उतरण्याचा विचार करायचा. काळवंडू लागल्या तर खाली पाणी आहे. तिथे उतरायचे नाही. या एका फेरीला लागते ते पाच मिनिटांचे इंधन.

— संपादक