बोळकांडीच्या भिंतीवरील वेल

घर रंगविताना जिच्याकडे सर्वांत शेवटी लक्ष जाते अशी एक जागा पुष्कळ घरांत असते. ओटीवरून माजघराकडे नेणारी अरुंद बोळकांडी ही ती जागा होय. तेथे कोणी बसत नाही, कोणी निजत नाही. तरी घरचे प्रत्येक माणूस दिवसभर तिच्यातूनच ये-जा करते, आणि पाहुण्याला आतले घर प्रथम दिसते तेही तिच्यातूनच. तसबीर टांगावी तर अंधारात दिसत नाही, कपाट ठेवावे तर खांदा आपटतो. अशा जागी शोभा आणावयाची तर ती भिंतीच्या अंगावरच उमटवावी लागते. आणि त्यासाठी कातरलेल्या साच्याइतके स्वस्त साधन आमच्या पाहण्यात दुसरे नाही.

साचा ही काही नवलाची वस्तू नव्हे. गोणीवर व्यापाऱ्याची खूण उमटते ती साच्यातून, दारापुढे झटपट रांगोळी उठते ती भोके पाडलेल्या छाप्यातून. गोव्यातील जुन्या मोठ्या घरांत दिवाणखान्याच्या भिंतींवर माथ्याशी ज्या फुलापानांच्या पट्ट्या दिसतात, त्यांतील कित्येक अशाच साच्यांनी उमटविलेल्या आहेत.

तथापि त्या दिवाणखान्यांचे अनुकरण बोळकांडीत करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तेथे छत उंच, खिडक्या मोठ्या आणि पाहणारा निवांत बसलेला. बोळकांडीत पाहणारा चालत असतो आणि भिंत त्याच्यापासून हातभरच दूर असते. तेथे भिंतभर नक्षी उमटविली तर अरुंद जागा अधिकच अरुंद भासते. एकच पट्टी, एकच रंग, बाकी सर्व पांढरे एवढे पुरे. कोकण-गोव्यातील कावीकाम ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे पटेल. ते साच्याचे नव्हे, कोरून काढलेले काम. परंतु पांढरा चुना आणि तांबडी काव या दोहोंवरच त्याची सारी शोभा उभी आहे.

आता रंगाआधी भिंत पाहावी. जांभ्या दगडाच्या वा मातीच्या भिंती पावसाळ्यात ओल शोषतात आणि उन्हाळ्यात ती बाहेर टाकतात. चुन्याचा हात त्यांना श्वास घेऊ देतो. त्यावर चकचकीत तैलरंग चढविला तर ओल आत कोंडते, पोपडे सुटतात, आणि केलेला खर्च वर्षा-दोन वर्षांत जमिनीवर येतो. शेजारच्या घरी तैलरंग शोभला म्हणून आपल्या जुन्या भिंतीला शोभेलच असे नाही. आधीच जुना तैलरंग लागलेला असेल तर तो कोरडा खरवडू नये. त्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधक ठरते. घरगुती रंगांतील शिशावर आपल्या देशात दशलक्ष भागांस 90 भाग ही मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाचा भरवसा धरू नये. पाण्याने भिजवून, मुलांना दूर ठेवून तो काढावा व खाली पडलेला कचरा ओल्या फडक्याने गोळा करावा.

साच्यासाठी जाड पुठ्ठा जवसाच्या तेलात भिजवून वाळवितात. त्याहून सोपे म्हणजे घरातील जुनी क्ष-किरणाची फिल्म. (डॉक्टर ती पुन्हा मागणार नाहीत, याची खात्री मात्र करून घ्यावी!) काचेवर ठेवून धारदार पात्याने ती कातरावी. गोणीवरील अक्षरे तुटक का असतात हे येथे समजते: गोल पूर्ण कापला की आतला तुकडा गळून पडतो, म्हणून मध्ये दुवे राखावे लागतात. दोन पाने व एक कळी एवढा साधा विषय घ्यावा.

पट्टी चौकटीच्या माथ्याच्या रेषेत घ्यावी. त्याखाली खांदे, टोपल्या आणि घागरी घासतात. रेषेसाठी गवंड्याची पाण्याची नळी वापरून दोन्ही टोकांना खुणा कराव्या व सुताराप्रमाणे सूत मारावे. मात्र दोरीला गेरू न लावता कोळशाची भुकटी लावावी, ती पुढे झटकता येते. जुन्या घरांत छत क्वचितच सरळ असते. पट्टी छताला भिडून असेल तर पाण्याची रेषा खरी असूनही डोळ्याला वाकडी भासते. अशा वेळी डोळ्याचे ऐकावे, नळीचे नव्हे.

मग हिशेब. समजा भिंत 11 फूट 3 इंच, म्हणजे 135 इंच आहे व साचा 6 इंचांचा आहे. 22 छाप 132 इंच व्यापतात, 3 इंच उरतात. कोपऱ्यापासून आरंभ केला तर हे तिन्ही इंच एका टोकाला साचून डोळ्यांत खुपतात. भिंतीचा मध्य काढून तेथून दोन्ही बाजूंस अकरा-अकरा छाप घेतले की प्रत्येक कोपऱ्यात दीड इंच उरतो, आणि तो कोणाच्या ध्यानातही येत नाही.

चुन्याच्या भिंतीवर काव व पिवडी हे मातीचे रंग टिकतात. निळ्या रंगांची गोष्ट वेगळी: कपड्यांची नीळ चुन्याला दाद देत नाही, पण प्रशियन निळा चुन्याच्या संगतीत आपला रंग गमावतो. साय काढलेल्या दुधात थोडा मळलेला चुना व काव कालवून दाटसर लगदा करावा. दुधातील केसीन चुन्याशी मिळून चिवट बनते व रंग हाताला लागत नाही. हे मिश्रण दुसऱ्या दिवशी नासते, तेव्हा त्या दिवसापुरतेच करावे. आणि चुना डोळ्यांत उडणार नाही अशी काळजी घ्यावी.

आखूड केसांचा कुंचला रंगात बुडवून फडक्यावर जवळजवळ कोरडा करावा आणि साच्यावर सरळ टेकवीत जावा, ओढू नये. ओढला की रंग साच्याखाली शिरतो आणि पानाला मिशा फुटतात. पहिले दोन-तीन छाप रद्दी कागदावर घ्यावे. साचा उचलताना मागची बाजू दर वेळी पुसावी. घरात दहा-बारा वर्षांचे मूल असेल तर साचा धरण्याचे काम त्याला द्यावे. धरणारा आणि टेकविणारा अशी दोन माणसे असली की ही भिंत एका दुपारीत होते.

काम संपल्यावर साचा धुऊन, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवावा. पुढील वर्षी नाताळापूर्वी चुना काढताना ही वेल झाकली जाईल, तेव्हा तो पुन्हा लागेल.