‘इंटरनॅशनल’ पाटीच्या आत काय असतं?



शाळाप्रवेशाचे दिवस आले की मंदिराच्या ओट्यावर एकच विषय असतो. कुणाच्या नातवाला कुठल्या ‘इंटरनॅशनल’मध्ये घातलं, डोनेशन किती, बस दारात येते का. कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत जाऊन या, हा शब्द असलेला एक तरी फ्लेक्स दिसेलच. आत मात्र बऱ्याच ठिकाणी अभ्यासक्रम सीबीएसईचा नाहीतर आपल्या राज्य मंडळाचाच असतो. त्यात वाईट काही नाही, पण मग पाटीवरच्या त्या एका शब्दासाठी जादा फी का मोजायची, हे विचारायला हवं.

खरी इंटरनॅशनल शाळा कशासाठी निघते, हे आपल्या गावाला समजायला अवघड नाही. आपलं गाव रेल्वेचं. बदली झाली की सामान बांधायचं आणि पोरांनी नव्या गावात नवी पुस्तकं धरायची, हे आपण शेजारीपाजारी पाहिलंय. केंद्र सरकारच्या नोकरदारांच्या याच अडचणीसाठी १९६३ मध्ये केंद्रीय विद्यालयं सुरू झाली, म्हणजे गाव बदललं तरी धडा तोच. हीच गोष्ट देशांच्या पातळीवर आधीच घडली होती. जिनिव्हात राष्ट्रसंघाच्या कचेरीत काम करणाऱ्यांच्या मुलांसाठी १९२४ मध्ये एक शाळा निघाली. पुढे १९६८ मध्ये त्याच शहरातून आयबी हा अभ्यासक्रम आला. बाप आज एका देशात, उद्या दुसऱ्या देशात, तरी मुलाचं वर्ष वाया जाऊ नये हा हेतू.

आपल्या जवळचं उदाहरण पुण्याचं. १९९५ पासून पुण्यात मर्सिडीज गाड्यांची जुळणी सुरू झाली. कंपनीचे लोक जर्मनीहून कुटुंबं घेऊन आले. दोन-तीन वर्षांनी परत जायचं, मग पोरांच्या शाळेचं काय? त्यातून १९९८ मध्ये कंपनीच्या नावानेच एक छोटी शाळा निघाली. ती हिंजवडीला आहे, आता महिंद्रांच्या नावाने चालते आणि आयबी शिकवते. परदेशी मुलांबरोबर आपल्याकडचीही मुलं तिथे बसतात.

आता मला महत्त्वाचं वाटतं ते सांगते. अशा शाळेत इंग्रजीतून शिकणाऱ्या जर्मन मुलाला कुणी म्हणत नाही की घरी जर्मन बोलू नकोस. उलट आयबीच्या शेवटच्या दोन वर्षांत मूल आपल्या मातृभाषेचं साहित्य विषय म्हणून घेऊ शकतं. त्या भाषेचा शिक्षक शाळेत नसला तरी शाळेच्या देखरेखीखाली स्वतः वाचून परीक्षा देता येते. घरची भाषा तिथे ओझं समजली जात नाही.

आणि आपल्याकडे? माझ्या ओळखीतल्या एका घरात शाळेने (नाव घेत नाही) पालकसभेत सांगितलं, घरी मराठी बंद करा, नाहीतर मूल मागे पडेल. आईबापांनी ऐकलं. आता नातू हॉलमध्ये खेळतो आणि आजी कोपऱ्यात जपमाळ घेऊन गप्प बसते. तिच्या गोष्टी, तिची स्तोत्रं, सगळं तिच्याजवळच राहिलं. तेही कशासाठी, तर ‘इंटरनॅशनल’ होण्यासाठी! राज्यात २०२० पासून कुठल्याही मंडळाच्या शाळेला मराठी शिकवणं कायद्याने सक्तीचं आहे, हे त्या पालकांना कुणी सांगितलंच नव्हतं.

डब्याचंही तसंच. जिथे दहा ठिकाणची मुलं एकत्र जेवतात, तिथे कोण काय खात नाही याची सवय सगळ्यांनाच होते. एकाला डुकराचं मांस चालत नाही, दुसऱ्याला शेंगदाण्याची ॲलर्जी, त्यात आपल्या मुलाने बटाटा-कांदा नको म्हटलं तर फारसं नवल वाटायचं कारण नाही. पण सहलीच्या मुक्कामात सूर्यास्ताआधी जेवण मिळेल का, पर्युषणात परीक्षा आली तर काय, हे आधीच विचारावं. विचारायला लाजू नका, फी आपणच भरतो.

लेक-जावई दुबई-सिंगापूरला असतील, उद्या आणखी कुठे बदली होणार असेल, तर नातवंडांना आयबी जरूर द्या. बारावीनंतर परदेशात शिकायला जायचं पक्कं असेल तरीही. त्यात चार हजार शब्दांचा निबंध स्वतः शोधून लिहावा लागतो, समाजकामाचा भाग असतो, मूल विचार करायला शिकतं. पण ज्याला इथेच राहून नीट किंवा जेईईला बसायचंय, त्याच्या तयारीची वाट वेगळी आहे. त्यासाठी वर्षाला काही लाख मोजायची गरज मला दिसत नाही, आणि नुसत्या पाटीसाठी तर मुळीच नाही.

शाळा आयबीची म्हणत असेल, तर आयबीच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त शाळांची यादी असते. मोबाईलवर पाच मिनिटांत नाव सापडतं किंवा सापडत नाही. आणि शाळा बघायला जाल तेव्हा सासूबाईंनाही बरोबर न्या. ऑफिसातल्या बाई त्यांच्याशी कुठल्या भाषेत बोलतात, तेवढं बघा.